मानाच्या गाडीला पाणी

आत्याला लाकूड दिसलं की ते वाजवून बघितल्याशिवाय राहवायचं नाही. दार, खुर्ची, देवळाचा खांब, लग्नातला सोफा, शाळेतला बाक, काहीही असो. मधलं बोट वाकवून ती टकटक करायची, कान जरा तिरका धरायची आणि निकाल द्यायची. "सागवान न्हाई. सागवान म्हनून गळ्यात मारलंय." किंवा, "बाभळ हाय. म्हातारी झाली तरी काम करंल." प्लायवूडला तर ती लाकूड मानायलाच तयार नव्हती. आमच्या शाळेला मिळालेलं एक देणगीचं टेबल तिने असंच वाजवलं आणि हेडमास्तरांना म्हणाली, "गुरुजी, ह्ये पुठ्ठ्याचं हाय. पावसात बाहेर काढू नका." देणगीदार शेजारीच हार घालून उभे होते.

मी तिची भाडेकरू. मी नगर शहरातली, आणि नोकरी लागली ती कोल्हारच्या अलीकडच्या एका गावातल्या प्राथमिक शाळेत. गावाचं नाव लिहीत नाही, आत्याचंही लिहीत नाही. तिला आवडलं नसतं म्हणून नव्हे. उलट भलतंच आवडलं असतं, आणि तिने ते छापील पान घेऊन सगळी भावकी पालथी घातली असती.

खोली बघायला गेले तेव्हा तिने माझं आडनाव विचारलं नाही, लग्नाचं विचारलं नाही, नोकरी पक्की की कच्ची हेही विचारलं नाही. वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "पलास्टिकच्या खुर्च्या आननार का?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग ऱ्हावा." प्लास्टिकवर बसलं की माणसाचं बोलणं सटकतं, असं तिचं मत होतं. ती स्वतः पाटावर बसायची, आणि आलेल्या माणसाला कशावर बसवायचं ते त्याच्या वकुबाप्रमाणे ठरवायची. मला बघायला मुलाकडची मंडळी आली तेव्हा ती मधल्या खोलीत आपणहून येऊन बसली होती. मुलगा खुर्चीवर टेकणार तोच म्हणाली, "पाव्हनं, त्या खुर्चीवर नको. ती हलकी हाय. आज तुमी जड वाटाया पायजे." मग तिने त्यांना शिसवी चौरंगावर बसवलं. माझे सासरे तो किस्सा अजून सांगतात. मंडळी गेल्यावर तिने चौरंग वाजवून बघितला आणि मला म्हणाली, "करा. पोकळ न्हाई." मी तिच्या शब्दावर लग्न केलं असं म्हणणार नाही, पण तिचा शब्द मला बरा वाटला हे खरं.

सगळं गाव तिला आत्या म्हणायचं, कारण ती गावची लेक होती. बापाला मुलगा नव्हता, म्हणून नवरा घरजावई आणला. तो लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख तिने कधी कुणापुढे मांडलं नाही आणि दुसऱ्या कुणालाही तिच्या वतीने मांडू दिलं नाही. सांत्वनाला आलेल्या बाईला ती चहा द्यायची आणि विचारायची, "तुझ्या घरचा उंबरा कशाचा गं? जांभळीचा का?"

माझ्या खोलीमागे पत्र्याची शेड होती. घराच्या दाराला आत्याचं कुलूप कधी नसायचं. बाजाराला गेली तरी दार सताड उघडं. शेडला मात्र कुलूप, आणि किल्ली कायम कमरेला. पहिल्या महिन्यात एका रविवारी झाडलोटीसाठी शेड उघडी होती. आतल्या बैलगाडीची दांडी दाराबाहेर आली होती, ऊन छान होतं, आणि मी धुतलेली ओढणी त्या दांडीवर टाकली. थोड्या वेळाने ओढणी घडी होऊन माझ्या दारात आली, मागे आत्या.

"बाई, गाडीला कापडं घालायची न्हाईत. तिला जत्रंत घालत्यात."

अशी माझी आणि गाडीची ओळख झाली. गाडी तेव्हा एका चाकावर आणि विटांच्या ढिगावर उभी होती. दुसरं चाक भिंतीला टेकवलेलं, त्याचे निम्मे आरे गळालेले. साट्याच्या, म्हणजे गाडीच्या तळाच्या, फळ्या वाळवीने पोखरल्या होत्या आणि खाली कोंबडी अंडी घालायची. पण पुढे दांडीच्या टोकाला एक राघू कोरलेला होता, आणि तो बघितला की बाकीचं विसरायला व्हायचं. मान वळवून तो गाडीकडेच बघत होता. चोच तुटकी. ती आत्यानेच लहानपणी दगडाने तोडली होती, का तर राघू बोलत नाही म्हणून.

ही गाडी तिच्या आजोबांनी केलेली. आजोबा सुतार नव्हते, शेतकरी. ओढ्याकाठची बाभळ वाऱ्याने पडली, ती त्यांनी वाळवली, गावच्या सुतारापाशी बसून बसून काम शिकले आणि स्वतःच्या हाताने गाडी उभी केली. नीट बघितलं तर तिच्या दोन बाजू सारख्या नव्हत्या. मी ते एकदा बोलून दाखवलं. आत्या म्हणाली, "तुमचं दोन्ही हात सारखं हायेत का? लिहिता एकाच हातानं ना?"

आता त्या गाडीचा मान सांगते. आमच्या भागात भैरोबाच्या जत्रेत बारा गाड्या ओढतात. बारा गाड्या एकीला एक जोडून रांगेत उभ्या करायच्या, त्यांवर माणसं बसायची, आणि ज्याच्याकडे मान आहे तो भगत भंडारा उधळून, पहिल्या गाडीचा दोर कमरेला बांधून सगळी रांग ओढत नेतो. कुठली गाडी कितवी हे घराण्याप्रमाणे ठरलेलं असतं. पहिली गाडी आत्याच्या माहेरची. भगताचा दोर ज्या लाकडाला बांधला जातो ते लाकूड तिच्या आजोबांनी तासलेलं. वडील, म्हणजे भावकीचे थोरले दादा, होते तोवर गाडी स्वतः जायची. त्यानंतर तिचं चाक बसलं आणि काही वर्षं कुणाची तरी मागून आणलेली टायरची गाडी त्या जागेवर उभी राहायची. आत्या त्या दिवशी जत्रेला जायची नाही. दार लावून घरात बसायची, आणि तिचं दार लागलेलं मी तेवढंच बघितलं.

एका वर्षी देवळात जत्रेची बैठक बसली. तिचे चुलतभाऊ, गाव त्यांना अण्णा म्हणायचं, वजनदार माणूस. उसाची बागायत, दारात ट्रॅक्टर, बोलणं शांत. त्यांनी विषय काढला की मागून आणलेली गाडी मानाला शोभत नाही. पहिला मान आता आपल्या घराला द्यावा, आपण ट्रॉली सजवून आणू. बैठकीत सगळे पुरुष. आत्या खांबाशी उभी होती आणि माझा दंड धरून तिने मलाही नेलं होतं, साक्षीला म्हणून.

ती म्हणाली, "पयली गाडी मी आननार."

कुणीतरी म्हणालं, "आत्या, मान लेकीकडं जात न्हाई."

"मला कुटं पायजे मान? मान गाडीला हाय. आन गाडी माझ्या दारात हाय."

बैठकीत हसू झालं, पण ते वाईट नव्हतं. ती गाडी उभी राहणार नाही याची सगळ्यांना खात्री होती, म्हणून मोठेपणा दाखवायला कुणाचं काही जात नव्हतं. ठरलं असं की येत्या जत्रेला लाकडी गाडी आपल्या चाकावर देवळापुढं आली तर मान तिथेच. नाही आली, वा वाटेत बसली, तर मान अण्णांच्या घरी, कायमचा. अण्णा एवढंच म्हणाले, "आक्का, हट्ट करू नगंस. हसं हुईल." आत्याने देवळाचा खांब वाजवला आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवसापासून घराचं अंगण सुताराचं झालं. सुतार बिचारा दारं-खिडक्या करणारा, विजेच्या मशिनीवर फळ्या कापणारा. वाकस हातात धरून त्याने कैक वर्षांत आरा तासला नव्हता. आत्याने त्याच्या बापाचा वाकस त्याच्याच माळ्यावरून काढायला लावला. तो तासायचा आणि ती समोर पाट टाकून बसायची. दोघांची तोंडं अखंड चालू. तो गप्पिष्ट, ती त्याहून. तो म्हणायचा, "आत्या, सगळीच नवी करू. चकाचक." ती म्हणायची, "सगळीच नवी केली तर ती दुसऱ्याची गाडी झाली. जुनं जेवढं ऱ्हाईल तेवढं ऱ्हाऊ दे."

आणि तसंच झालं. कुजलेलं तेवढं काढायचं, धडकं तेवढं ठेवायचं. चाकांचे तुंबे जुने राहिले, म्हणजे मधले गोळे, ज्यांत आरे बसतात ते. दांड्या जुन्या राहिल्या, राघू राहिला. प्रत्येक फळी काढायची की ठेवायची याचा निवाडा तिच्या बोटाने व्हायचा. टकटक. "ही ऱ्हाईल." टकटक. "हिला जाऊ द्या." गेलेल्या फळीचं सरपण करायला ती तयार नव्हती. तिने त्या फळ्या शेडच्या भिंतीला ओळीने उभ्या केल्या. सुताराने राघूला नवी चोच बसवायची परवानगी मागितली. "ती माझी हाय," आत्या म्हणाली. चोच की तुटणं, कोण जाणे. राघू तसाच राहिला.

रंग लावू दिला नाही. जवसाचं तेल चोळायचं, तेही हाताने, फडक्याने नव्हे. शाळा सुटली की मीही बसायची. माझ्या तळहातांना तो वास आठवडेच्या आठवडे होता. एकदा वर्गात फळ्यावर लिहिताना मी फळा वाजवून बघितला, आणि मुलं हसली तेव्हा माझ्या लक्षात आलं.

चाकं तयार झाली. आता त्यांवर धाव, म्हणजे लोखंडी कडं, चढवायची, की गाडी झाली. पण आत्या म्हणाली, आधी चाकं कालव्यात टाका.

सुताराने हातातली पटाशी खाली ठेवली. "आधी धाव चढवू. भिजवायची काय घाई हाय?"

"माझा बाप हर उन्हाळ्यात चाकं कालव्यात टाकायचा. आरं घट बसायचं. मी सोता चाकावर बसून ऱ्हायची, व्हावून जाऊ नये म्हनून."

हे अगदी खरं होतं. बाप चाकं भिजवायचा. फक्त ती धाव चढवलेली चाकं असायची. लहान मुलीला पाणी आठवलं, त्यातली गंमत आठवली, आधी काय आणि नंतर काय हे आठवलं नाही. सुतार थोडा वेळ डोकं खाजवत बसला आणि मग चाकं ढकलत कालव्यावर गेला. आत्याशी कोण भांडणार?

चाकं पाणी पिऊन फुगून आली. ती फुगलेली असतानाच फिरत्या लोहाराने माप घेतलं आणि धाव चढवायचा दिवस ठरला. तो दिवस मी विसरणार नाही. अंगणात गोवऱ्यांचं गोल रिंगण पेटवलं, त्यात लोखंडाचं कडं लाल होईपर्यंत तापवलं, आणि लोहार, त्याची बायको आणि सुतार यांनी चिमट्यांनी ते उचलून चाकावर बसवलं. घणाचे घाव, लाकडाचा धूर, मग एकदम पाणी. वाफेत कोणी कोणाला दिसेना. लोखंड आवळत गेलं तसं चाक करकरलं आणि सगळे आरे आपापल्या जागी घट्ट झाले. निम्मं गाव बघायला आलं होतं, कारण असं काही होताना तरुण पोरांनी कधी बघितलंच नव्हतं. सगळ्यांचे मोबाईल वर. वाफ निवळल्यावर आत्या पुढे झाली, तिने चाक वाजवलं. डोळे पुसले. धुरानं, असं म्हणाली.

संध्याकाळी विटा काढल्या आणि गाडी आपल्या पायांवर उभी राहिली. मला इतका अभिमान वाटला की मी आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, "कुणाची गाडी?" मी म्हटलं, "आमची."

मग चैत्राचं ऊन पडायला लागलं. प्रवरेच्या काठचं गाव असलं तरी त्या दिवसांत दुपारी पत्रा हात लावू देत नाही. जत्रा दोन दिवसांवर आली होती. सकाळी मी चहा करत होते. मागे रोजची टकटक ऐकू आली आणि मध्येच थांबली. बराच वेळ काही आवाज नाही म्हणून मी गेले. आत्या चाकापाशी उकिडवी बसली होती. धाव आणि लाकूड यांच्यामध्ये तिचं नख सहज शिरत होतं.

लाकूड वाळलं होतं, आकसलं होतं, आणि लोखंड होतं तेवढंच होतं. सुतार आला, बघितलं, आणि हिशेब सांगितला. धाव कापून पुन्हा जोडायची तर लोहार हवा. लोहाराचं बिऱ्हाड पाथर्डीच्या बाजूला निघून गेलेलं, फोन बंद. तशीच गाडी ओढली तर बारा गाड्यांच्या ओढीने धाव वाटेत निसटणार आणि चाक मोडणार. म्हणजे गाडी गेली, मानही गेला, आणि तोही सगळ्या गावासमोर.

मी घाबरले. आत्याने तोंडावर पाणी मारलं, पदर खोचला आणि म्हणाली, "फुगून बसली हुती ना? मंग परत फुगवू. गोनपाटं आना."

दोन्ही चाकांना ओली गोणपाटं गुंडाळली आणि पाणी सुरू झालं. सकाळी पाणी, दुपारी पाणी. मी शाळेच्या मधल्या सुट्टीत पळत यायची, घागर ओतायची आणि परत पळत जायची. दुसऱ्या दिवशी फट बारीक झाली, मग दिसेनाशी झाली. पण सुताराने सांगून ठेवलं की ऊन लागलं की ती परत उघडणार. आणि जत्रेत गाड्या दुपारपासून उन्हात उभ्या असतात. ओढतात संध्याकाळी.

जत्रेच्या दिवशी माणसांनी गाडी हळूहळू ढकलत देवळापुढं आणली, चाकांना गोणपाटं तशीच. मागे एक एक करून बाकीच्या गाड्या लागल्या. अण्णांची ट्रॉली बाजूला सजून तयार होती, नवा रंग, झेंडूची तोरणं, तिच्याशेजारी अण्णा पांढऱ्या कपड्यांत. पुजारी म्हणाले, "आत्या, मानाच्या गाडीला गोनपाट? बरं दिसत न्हाई."

ते बरोबरच होतं. आत्याने स्वतः गोणपाटं सोडली. मग तिने एक घागर घेतली, सगळ्या जत्रेदेखत गाडीपाशी उभी राहिली आणि चाकावर संथ धार धरली. घागर संपली की हात मागे करायचा, मी भरलेली घागर द्यायची. चेहरा असा की जणू ती हे जन्मभर करत आली आहे. मला मात्र घाम फुटला होता. किती वेळ आम्ही दोघी पुरणार?

नारळ वाढवायला आलेली एक सासुरवाशीण थबकली. "आत्या, ह्ये काय चाललंय?"

आत्याने धार न मोडता तिच्याकडे बघितलं. "मानाच्या गाडीला पानी घालत्यात. तुला ठावं न्हाई?"

ती पोरगी ओशाळली. आपल्याला रीत ठाऊक नाही हे चारचौघांत निघावं असं कुठल्या सुनेला वाटेल? ती गेली आणि कळशी घेऊन आली. तिच्या मागे तिची जाऊ आली. जावेला बघून शेजारीण आली. बघता बघता हापशापासून गाडीपर्यंत बायकांची रांग लागली. कुणी हळदकुंकू वाहिलं, कुणी चाकाला हात लावून कपाळाला लावला. आत्या बाजूला उभी राहून सूचना देऊ लागली. "नुसतं वरून नगं. धावंवर घाला. गोल फिरवून घाला. दुसऱ्या चाकाला बी घाला, त्ये काय सावत्र हाय?"

पुजाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. असली रीत त्यांनी तरी कधी बघितली नव्हती. त्यांनी अण्णांकडे बघितलं, कारण भावकीतलं जुनं माणूस तेच. अण्णा उठले आणि गाडीपाशी आले. रांग थांबली. त्यांचं लहानपण आत्याच्याच घरात गेलेलं, बहिणीबरोबर कालव्यात तेही चाकावर बसलेले. अशी रीत नाही, हे त्यांच्याएवढं पक्कं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी वाकून धावेच्या कडेवरून बोट फिरवलं. एका जागी, वरच्या बाजूला, फट उघडायला लागली होती. त्यांना ती लागली, हे मी त्यांच्या तोंडावर बघितलं. ते एक शब्द बोलले असते की संपलं होतं, आणि तो शब्द खरा असता.

आत्या त्यांच्याकडे बघत होती. एवढ्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा भ्यालेली बघितली.

अण्णांनी पुढच्या बाईच्या हातातली कळशी घेतली, बरोबर त्या जागेवर धार धरली आणि पुजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "थोरल्या दादांच्या टायमाला बी घालायचे. मधी बंद पडलं हुतं."

आत्याने दुसरी कळशी उचलली. मग म्हणाली, "व्हय. तूच तर आनून द्यायचास."

दोघंही धडधडीत खोटं बोलत होती, देवाच्या दारात. मी आयुष्यात पुष्कळ खरी माणसं बघितली आहेत. त्या दोघांच्या खोट्याएवढं मोठं फार थोडं बघितलं.

ऊन उतरलं. भगताच्या कमरेला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक राघूच्या मागे दांडीला. भंडारा उडाला, सगळं पिवळं झालं. दोर ताणला गेला, गाडी करकरली, आणि ती ओली, जड, थबथबलेली चाकं फिरली. तिच्यामागे सगळी रांग हलली. अण्णा एका चाकाबरोबर चालत होते, सुतार दुसऱ्या. आत्या मात्र चालत नव्हती. ती उभी होती तिथेच उभी राहिली आणि गाडीचा आवाज ऐकत होती, कान जरा तिरका करून. धाव शेवटपर्यंत टिकली. गाड्या थांबल्यावर ती मला म्हणाली, "वाजली का न्हाई?" मी म्हटलं, "वाजली, आत्या." तिचा चेहरा त्या क्षणी जसा होता तसाच मला आठवतो, भंडाऱ्याने माखलेला आणि ताठ.

नंतर लोहार परत त्या बाजूला आला तेव्हा आत्याने गुपचूप वाळक्या चाकांवर धाव नीट चढवून घेतली. चुकलं असं ती कधी म्हणाली नाही. मी एकदा चिडवायला विषय काढला, तर म्हणाली, "चुकलं न्हाई, बाई. पुढंमागं झालं." सुताराने तेवढ्यावर समाधान मानलं, आणि तो सगळ्या तालुक्याला ‘मी गाडी केली’ म्हणून सांगत सुटला.

माझी बदली झाली. आत्या काही वर्षांनी गेली, झोपेत, कुणाला त्रास न देता. जाण्याआधी शेडची किल्ली तिने कमरेची सोडून अण्णांच्या लेकीच्या हातात दिली. मुलाच्या नव्हे, लेकीच्या. ती कोल्हारला दिलेली आहे. अण्णांनी विचारलं म्हणे, "आक्का, लेकीकडं?" तर म्हणाली, "मान गाडीला हाय. किल्ली कुनाकडं बी असू दे." आता ती लेक जत्रेच्या आधी येते, शेड उघडते आणि गाडीला जवसाचं तेल चोळते, हाताने.

मी यंदा गेले होते. गाडी पहिल्या जागी उभी होती, राघू तसाच बिनचोचीचा. मी गर्दीतून वाट काढत गेले आणि आधी दांडी वाजवून बघितली. कुणी बघितलं असेल तर बघितलं. चाकांपुढे बायकांची रांग हापशाच्या पलीकडे गेलेली. माईकवरचा माणूस सांगत होता की ही रीत पूर्वापार आहे. चाकांना आता पाण्याची काडीचीही गरज नाही.

मी तांब्या घेऊन रांगेत लागले. माझ्यापुढे एक नवी नवरी होती, पुण्याची असावी. ती मागे वळून हळूच म्हणाली, "काकू, चाकाला पाणी का घालतात हो?"

मी तिच्याकडे बघितलं, कान जरा तिरका केला आणि म्हटलं, "मानाच्या गाडीला पानी घालत्यात. तुला ठावं न्हाई?"